लायसन्स दुकानाला, हाताला काहीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. पूर्वी दुकानाचा गुमास्ता परवाना काढला की झालं, दुकानांच्या 2017 च्या कायद्यानंतर तर आमच्यासारख्या दोन माणसांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन कळवायचं असतं. पण कॉन्टॅक्ट लेन्स विकायच्या असतील तर आता एमडी-42 चं, म्हणजे मेडिकल डिव्हाइस विकण्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, कारण 2020 पासून सगळी मेडिकल डिव्हाइसेस औषधांच्या कायद्यात आली. फी 3000 रुपये, आणि दर पाच वर्षांनी परत 3000. पैशाबद्दल माझी तक्रार नाही हो, दोन चांगल्या फ्रेमा विकल्या की निघतात.

तक्रार वेगळीच आहे. त्या फॉर्मात सक्षम तांत्रिक माणूस दाखवावा लागतो, तो कोण? तर कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, किंवा फार्मासिस्ट, किंवा बारावी पास आणि एक वर्ष विक्रीचा अनुभव. मी बीकॉम, म्हणजे मी सक्षम! आणि माझ्याकडे 26 वर्षं काच घासणारा, फिटिंग करणारा कारागीर, ज्याचा ॲक्सिस, म्हणजे तिरप्या नंबरची काच बसवायचा कोन, कधी इकडचा तिकडे झालेला मी बघितला नाही, तो दहावी नापास, म्हणून कागदावर कुठेच नाही.

बरं, चष्म्याला तर एवढंही कोणी विचारत नाही, काच कापायला येते का, बुबुळांमधलं अंतर मोजता येतं का, काही नाही. परवाच एक ताई आल्या, नवीन चष्म्याने डोकं दुखतंय म्हणून, चष्मा दुसरीकडून केलेला. नंबर डॉक्टरांनी काढलेला तोच होता, उणे 6, पण अंतर 62 मिलिमीटर आणि काचांची केंद्रं 67 वर बसवलेली. पाच मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण सहा नंबरात त्याचा तीन प्रिझम होतो, म्हणजे काच नजर बाजूला वळवते, मग डोळे दिवसभर ओढ खात बसणार. बाई बिचाऱ्या महिनाभर बीपीच्या गोळ्यांना दोष देत होत्या.

2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट आहे, व्हिजन टेक्निशियन आहे, पण फिटिंग करणाऱ्या ऑप्टिशियनचं नावच नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तो सांगतो तिकडे ऑप्टिशियनला राज्याचं लायसन्स लागतं, टेक्सासमध्ये मात्र सक्ती नाही, म्हणजे राज्य बदललं की नियम बदलला. अर्थात तिकडचं सगळंच उचलू नका. ओक्लाहोमात तर फुटलेली काच मोजून तशीच दुसरी बसवायलाही डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे असा कायदा झाला होता, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1955 ला तो कायम ठेवला. तसलं काही इथे आलं तर तालुक्याच्या गावातल्या म्हाताऱ्याने काच फुटली की करायचं काय, आठवडाभर चाचपडत बसायचं?

म्हणून सरकारला एवढंच सांगणं आहे की 3000 च्या जागी 5000 घ्या पण अर्धा तास माणूस समोर बसवा, एक चिठ्ठी द्या, एक बायफोकल फिट करून दाखव म्हणा, काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर तपासा आणि मग कागद द्या. डिग्री विचारू नका. माझा कारागीर पहिल्या झटक्यात पास होईल. माझं मात्र सांगता येत नाही, गेली दहा वर्षं मी गल्ल्यावरच बसतोय.

– एक चष्मेवाला, सांगली