राखणीला नको, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या कुत्र्यासाठी एवढी घरं कसली शोधत बसलायस? आणून सोड मळ्यात, राखणीला होईल." मी "बघतो" म्हणून विषय टाळला. खरं तर नाही म्हणायचं होतं. पण फोनवर म्हणालो असतो तर बाबांनी फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितोय.

हे कुत्रं मला फुलेवाडीच्या पुढं एका बांधकामाच्या गोडाऊनात दिसलं. दिसलं म्हणजे आधी वास आला. सळ्या राखायला दोन वर्षं दोन हात लांबीच्या साखळीवर बांधून ठेवलेलं. लहानपणी घातलेला पट्टा कुणी सैलच केला नव्हता, तो मानेच्या मासात रुतला होता आणि जखमेत किडे पडले होते. कानात गोचिडांचे घोस. मालक म्हणाला, "चावकं आहे, जवळ जाऊ नका." चौकीवर गेलो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे आणि जनावर कायम आखूड साखळीला बांधून ठेवणं हा त्यात गुन्हाच आहे. पण पहिल्या खेपेला दंड किती? 10 ते 50 रुपये. रंकाळ्यावर दोघांनी भेळ खाल्ली तरी जास्त होतात. हवालदारच ओशाळून हसले. मात्र माझ्याबरोबर आले, उभे राहिले आणि मालकानं कुत्रं सोडल्याचं लिहून दिलं.

डॉक्टरांनी भूल देऊन पट्टा कापला. वजन 11 किलो भरलं, त्याच्या अंगाच्या मानानं 17-18 तरी हवं होतं. गोचीडताप निघाला, चार आठवडे गोळ्या. रेबीजची लस दिली, जखम भरल्यावर नसबंदीही झाली. आई, तू दूध-चपाती घाल म्हणालीस, पण दुधानं पोट बिघडायला लागलं. दहीभात आणि उकडलेलं अंडं बघितलं की मात्र गडी खूश.

एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगता आली नाही. साखळी काढून त्याला हॉलमध्ये सोडलं, तर ते तेवढ्याच दोन हातांत गोल गोल फिरायचं. सगळं घर मोकळं, दार उघडं, तरी त्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आठ दिवस असं चाललं. झाडू उचलला की जागच्या जागी मुतायचं.

मग त्याच्यासाठी घर शोधायला लागलो. फोन बरेच आले. एकाला गेटला बांधायला हवं होतं. एकजण म्हणाला, "कारवान जातीचं असतं तर आत्ता गाडी घेऊन आलो असतो, गावठी कोण पाळतंय?" एकाचं पन्हाळ्याच्या वाटेवर फार्महाऊस, "मोकळं राहील की!" आणि हे स्वतः तिथं जाणार महिन्यातनं दोनदा. मी सगळ्यांना एकच विचारायचो : रात्री कुठं झोपणार?

बाबा, हा प्रश्न मला मोत्यामुळं सुचला. गोठ्याच्या खांबाला बांधलेला आपला मोत्या. तुम्ही त्याला कधी मारलं नाही, स्वतःच्या आधी भाकरी घातली, हे मला ठाऊक आहे. पण पावसाळ्यात रात्रभर तो कण्हायचा आणि मी वाकळीत डोकं खुपसून झोपायचो. सोड म्हणायचं धाडस मलाही झालं नाही. तुम्हाला दोष देत नाही, त्या काळी सगळ्यांचेच कुत्रे तसे होते. पण याला परत खांब दाखवायला नको.

शेवटी मंगळवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. एकट्याच राहतात. आल्या, त्याच्याकडं पाठ करून फरशीवर बसल्या आणि पिशवीतली मेथी काढून निवडायला लागल्या. त्याला हाक नाही, हात नाही. दोन तास माझ्याशी गप्पा मारून गेल्या. पुढच्या रविवारी पावटा आणला. तिसऱ्या रविवारी तो मागनं हळूच आला आणि त्यांच्या पिशवीवर हनुवटी टेकून झोपला. मी विचारायच्या आधी बाईंनीच विचारलं, "रात्री माझ्या खाटेखाली झोपला तर चालंल का त्याला?"

पोचवून आलो. जमलं नाही तर परत माझ्याकडंच आणायचं, असं ठरलंय. चौथ्या दिवशी बघायला गेलो, तर गडी उंबऱ्यावर पसरलेला. मला बघून शेपूट हलवली, उठला मात्र नाही. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? नाव त्यांनी बाळू ठेवलंय. बाळूकाकांना कळू देऊ नका.

आई, तुझ्या जुन्या लुगड्यांची एक छोटी वाकळ शिवशील? बाईंच्या घरातली फरशी फार गार आहे.

बाबा पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला येतीलच, तेव्हा दोघांना घेऊन जाईन. फक्त बाबांची काठी बाहेर रिक्षातच ठेवावी लागेल, काठी बघितली की तो अजून खाटेखाली शिरतो. दारापासून आतपर्यंत मी हात धरीन.

तुमचा,
सुहास