ओवीबद्दल, दिलीपला

प्रिय दिलीप,

पत्र आणि ओवीचा एमआरआय रिपोर्ट मिळाला. ‘सेरेब्रल पाल्सी’ (म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं) ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असणार. पण मला जास्त बोचलं ते ‘सुनंदाने ग्रहणात विळी हातात घेतली’ हे घरातलं बोलणं. अरे, वहिनींनी ग्रहणात पाटीभर भाजी चिरली असती तरी काही झालं नसतं. ओवी तिसाव्या आठवड्यात जन्मली, कारण तिथे आहे. त्या वेळी मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला, की तिथल्या तंतूंना इजा होते. पायांकडे जाणारे तंतू त्या कडेला अगदी लागून जातात, हातांचे जरा लांबून. म्हणून तिचे पाय ताठ आणि हात बऱ्यापैकी मोकळे. उभं धरलं की टाचा टेकत नाहीत, पायांची कात्री होते, असं तू लिहिलंस ते यामुळेच. याला स्पास्टिक डायप्लेजिया म्हणतात.

‘जन्मल्यावर रडली नव्हती का?’ असं जो तो विचारतो म्हणतोस. लंडनच्या डॉ. लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपणाकडे बोट दाखवलं, तेव्हापासून ते लोकांच्या डोक्यात बसलंय. १८९७ मध्ये फ्रॉइडने (तोच, स्वप्नांवाला, आधी तो मेंदूविकारांचा डॉक्टर होता) शंका काढली, की बिघाड पोटातच झालेला असेल आणि बाळंतपण अडलं तेही त्यामुळेच. पुष्कळ मुलांच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं निघालं. जन्मताना गुदमरणं हे कारण असतंच, पण गरोदरपणातला रुबेला (जर्मन गोवर), गर्भातच मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर हीसुद्धा कारणं आहेत. कावीळ मेंदूत शिरलेल्या मुलाचे हातपाय आपोआप वळवळतात, ऐकूही कमी येतं. एकाच बाजूला त्रास असला, तर बाळ वर्षाच्या आतच एका हाताने खेळणी धरतं आणि घरचे कौतुकाने ‘डावखुरा’ म्हणतात. त्या वयात डावं-उजवं ठरलेलं नसतं, तेव्हाच दुसरा हात तपासायला हवा.

आता तुझा खरा प्रश्न, हा त्रास वाढेल का? मेंदूतली इजा वाढत नाही. पण ताठ स्नायू हाडांच्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे टाच वर ओढली जाते, खुबा सरकू शकतो. म्हणून फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा खुब्याचा एक्स-रे काढा. मालिशवाल्या बाईंना पाय हिसकू देऊ नका. तिरळेपणा किंवा आकडी दिसली तर लगेच दाखवा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्राची) चौकशी कर, तिथे उपचार मोफत असतात.

बुद्धीबद्दल एवढ्यात कुणी निकाल देऊ नये; डायप्लेजियात ती बऱ्याचदा शाबूत असते. चालण्याचं म्हणशील, तर दोन वर्षांची होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागली, की आशा चांगली.

ती बसते तेव्हाचा व्हिडिओ बाजूने काढून पाठव, पाठ कशी धरते ते बघायचंय. आणि दिवाळीनंतर तिकडे येतोय, तेव्हा आईंशी मीच बोलेन.

तुझा,
मिलिंद