पोट मोजायचं म्हणतोस, विन्या

आंजर्ले, ता. दापोली
मंगळवार

प्रिय विन्या,

तुझं पाकीट पोचलं. चार ओळी ख्यालीखुशाली आणि पुढे पानंच्या पानं पोटाचं रडगाणं, असं पत्र तूच लिहू जाणे. दोन घास गेले की पोट तट्ट होतं, रात्रीचा भात सकाळी शितं ओळखू येतील असा उलटून पडतो, एन्डोस्कोपीत काही सापडत नाही, आणि डॉक्टर म्हणतात साखरेचं दुखणं जुनं, पोट संथ झालंय. त्यात तू वाचलंस की एक कॅप्सूल गिळली की पोट मिनिटाला किती वेळा आकसतं ते बाहेर यंत्रावर उमटतं. ती गिळू का, म्हणून मला विचारतोस! मेल्या, मी डॉक्टर नाही. पण नोकरीचा जन्म मुंबईला इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, एवढं बोलायचा हक्क मी स्वतःला देऊन टाकलाय.

माझं मत आधीच सांगतो. पोट किती वेळा आकसलं याच्या आकड्यांनी तुझ्या हाती फारसं लागायचं नाही. जेवलेलं किती वेळात पुढे सरकतं ते मोजून घे. आता का, ते सांगतो. वेळ काढून वाच, वहिनींनाही वाचायला दे.

पोट मोजायची हौस जुनी आहे. अमेरिकेत वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्राचे मोठे प्राध्यापक, आणि वॉशबर्न हा त्यांचा विद्यार्थी. भूक लागते तेव्हा आत काय होतं ते बघायचं म्हणून या पठ्ठ्याने नळी लावलेला रबरी फुगा गिळायची सवय करून घेतली. पोटाने फुगा चेपला की नळीतली हवा बाहेरची लेखणी हलवायची आणि ती फिरत्या ड्रमवर रेघ ओढायची. भुकेची कळ आली की वॉशबर्न हातातलं बटण दाबायचा, त्याची वेगळी खूण उमटायची. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्यावर दिसलं की कळ येते ती पोटाच्या आकसण्याबरोबर. हे १९१२ सालचं. तसला ड्रम मी आमच्याकडच्या प्रयोगशाळेत त्याच्या अखेरच्या दिवसांत पाहिला. गुळगुळीत कागद ड्रमवर ताणायचा, धुरकट ज्योतीवर फिरवून काळा करायचा, लेखणीचं टोक जेमतेम टेकवायचं. रेघ उमटली की कागद उतरवून लाखेच्या पातळ द्रावणात बुडवायचा आणि वाळत घालायचा. त्याआधी कुणाचं बोट लागलं की सगळा प्रयोग पुसला!

पुढे नाकातून घालायच्या बारीक नळ्या आल्या. त्या अजूनही वापरतात, आणि दाब मोजायला त्याच सगळ्यांत भरवशाच्या, कारण एका नळीवर ओळीने बरेच सेन्सर असतात. पण तासन्‌तास नाकात नळी घेऊन पडून राहायचं, म्हणजे तुझ्यासारख्याचं काम नव्हे. नळीशिवाय मोजायची कल्पनाही तशी जुनीच निघते. १९५७ साली फॅरार, झ्वोरिकिन आणि बॉम यांनी दाब मोजून तो रेडिओवरून बाहेर कळवणारी कॅप्सूल ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. यातला झ्वोरिकिन म्हणजे टीव्ही घडवणाऱ्यांतला तोच. टीव्हीवरून थेट माणसाच्या पोटात, मला तर हे वाचून फार मजा वाटली होती.

तू वाचलंस ती बहुधा स्मार्टपिल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला २००६ साली मान्यता दिली. लांबी सुमारे २७ मिलिमीटर, जाडी १२ च्या आसपास, म्हणजे गिळायला धीर लागतो. आत तीन सेन्सर: आम्लता, दाब आणि तापमान. कंबरेला पट्ट्यावर एक रिसीव्हर अडकवायचा, बॅटरी पाचेक दिवस पुरते. रात्रभर उपाशी राहून सकाळी ठरलेल्या उष्मांकांचा एक खाऊ खायचा, घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायची, आणि मग सहा तास खाण्याला कुलूप.

तिचा आलेख फार बोलका असतो. गिळल्यागिळल्या तापमानाची रेघ शरीराच्या पातळीवर चढते. मध्येच पेशंट गार पाणी प्याला की ती खट्‌कन खाली येते आणि हळूहळू परत चढते. तेवढ्यावरून कळतं की कॅप्सूल अजून जठरातच आहे. आम्लतेची रेघ एक-दोन पीएचला खाली पडून असते (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). मग केव्हातरी ती काही मिनिटांत सहाच्या आसपास उडी मारते, ना चढ ना पायरी. कॅप्सूल जठराचं दार ओलांडून लहान आतड्यात पडली, तिथे अल्कधर्मी रस तयारच असतो. गिळल्यापासून या उडीपर्यंतचा काळ पाच तासांच्या आत असला तर ठीक, जास्त लागला तर जठर सुस्त.

गंमत अशी की कॅप्सूल जेवणाबरोबर बाहेर पडत नाही. जठर अन्न चेचून एक-दोन मिलिमीटरचे कण करतं आणि तेवढंच पुढे सोडतं, एवढी मोठी वस्तू त्यातून कशी जाणार? जेवण संपलं की रिकाम्या पोटात दर दीड-दोन तासांनी एक जोरदार सफाईची लाट येते, मिनिटाला तीन या गतीने ठोके मारत उरलंसुरलं पुढे ढकलते, तेव्हा ती जाते. आपल्या हर्णैच्या होड्या ओहोटीला खाडीच्या गाळाबाहेर थांबतात आणि भरती आली की आत शिरतात ना, अगदी तसंच. म्हणजे तो काळ म्हणजे तुझ्या भाताचा काळ नव्हे. भात आधी गेलेला असतो, कॅप्सूल लाटेची वाट बघत बसलेली असते. तरी दोहोंचा मेळ बऱ्यापैकी बसतो म्हणून डॉक्टर तो आकडा वापरतात.

आता दाबाचं, म्हणजे तुझ्या मूळ प्रश्नाचं. जठराच्या ठोक्याची गती मिनिटाला तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला अकरा-बारा. ती गती ठरवणाऱ्या पेशींना स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि जुन्या मधुमेहात या पेशी कमी होतात, तुझं दुखणं तिथलंच असू शकतं. पण ठोका विजेचा आणि दाब स्नायूचा. प्रत्येक ठोक्याला स्नायू जोर लावतोच असं नाही. कॅप्सूलमध्ये दाबाचा सेन्सर एकच आणि ती आत गडगडत असते. भिंत तिच्याभोवती आवळली तर दाब दिसतो. ती वरच्या सैल भागात लोळत असेल तर खाली जोरात दळण चालू असूनही रेघ सपाट. लाट वरून खाली सरकली की जागच्या जागी आकसली, हे एका सेन्सरला कळायचा मार्गच नाही. त्यात तू खोकलास, वाकलास, कुंथलास, त्याचाही दाब येतो. ‘आकुंचनं अमुक इतकी’ असं रिपोर्टात छापून येईल आणि तू ते कुरवाळत बसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

धोकाही लिहून ठेवतो. आतड्यात कुठे अरुंद जागा असेल तर ती अडकते, आणि बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करता येत नाही. आणि हा सगळा खटाटोप आता तसाही पुस्तकी, कारण कंपनीने ती बनवणं बंद केलंय.

त्यापेक्षा न्यूक्लियर मेडिसिन विभागात गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन होतो का ते विचार. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश मिसळलेलं खाणं देतात आणि चार तासांत मधून मधून कॅमेऱ्याखाली उभं करतात. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त जठरातच राहिलं तर पोट संथ, यात वादच नाही. मूळ पद्धत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची आहे, पण घाबरू नकोस, आपल्या देशात इडलीवरही प्रमाण ठरवून झालंय. तुझं सोवळं शाबूत.

जाण्याआधी घेत असलेल्या औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखव. साखरेसाठी सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडची सुई चालू असेल तर ती स्वतःच पोट संथ करते. अफूच्या जातीची वेदनाशामकंही. काय थांबवायचं, कधी थांबवायचं हे त्यांनीच ठरवायचं, तू नव्हे. त्या दिवशी साखर २७५ च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात, कारण चढलेली साखर निरोगी पोटालाही मंद करते. आणि इन्सुलिन जेवणाआधी घेतोस ना? अन्न उशिरा पुढे गेलं तर इन्सुलिन आधी लागू होतं, साखर घसरते, आणि नंतर चढते. तुझे ते दुपारचे घाम आणि थरथर त्यातले असतील. हे डॉक्टरांना ठळक सांग, पोटफुगीपेक्षा हे महत्त्वाचं.

तोवर पोट भरून जेवणं बंद. थोडं थोडं, चार-पाच वेळा. आपली पेज, मऊ भात, मुगाचं पातळ वरण. तळलेलं, ओल्या नारळाची भरपूर वाटणं, चोथ्याच्या भाज्या काही दिवस राहू देत. जेवून लगेच आडवा होऊ नकोस, ओटीवर येरझारा घाल. फणसाचं नाव काढलंस तर वहिनींना फोन करीन.

स्कॅनची तारीख मिळाली की कळव, आणि रिपोर्टाची झेरॉक्स पाठव, त्यातला चार तासांचा आकडा मला आधी बघायचाय. एन्डोस्कोपीच्या दिवशीची साखर कुठे लिहून ठेवली असलीस तर तीही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या