विषय: मेंदूच्या दुखापतीनंतरचे उपचार ‘विश्रांती’ ठरवून दावा नाकारल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

जूनमध्ये सातारा-कराड रस्त्यावर माझ्या यजमानांना दुचाकीचा अपघात झाला. मेंदूत रक्तस्राव, कवटीचं ऑपरेशन, अकरा दिवस व्हेंटिलेटर. ते बिल आपण कॅशलेस भरलंत, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

डिस्चार्ज कार्डावर न्यूरोसर्जननी ‘थेट न्यूरो-रिहॅबमध्ये हलवावे’, म्हणजे मेंदूच्या दुखापतीनंतर थेरपी देणाऱ्या केंद्रात, असं लिहिलं होतं. जवळपास सोय मिळेना, म्हणून पुण्यात दाखल केलं. तिथल्या ३८ दिवसांचा दावा आपण पॉलिसीतल्या वगळलेल्या खर्चांच्या कलमाकडे बोट दाखवून दीड ओळीत नाकारलात: ‘वगळणी ०५, विश्रांती व पुनर्वसन.’

विश्रांती कसली? तेव्हा पोटात सगळं नाकातल्या नळीतून जात होतं. स्पीच थेरपिस्ट चमच्याच्या टोकावर घट्ट केलेलं पाणी द्यायच्या आणि गळ्यावर दोन बोटं ठेवून घोट उतरतोय का बघायच्या. ठसका लागला की त्या दिवशी तिथंच थांबायचं, कारण ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. नळी निघाली सव्विसाव्या दिवशी. वीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, पाना दाखवला की ‘चमचा’ म्हणायचा. चुकलं हे त्यांना कळायचं, आणि मग रडायचे.

ते कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात उपचारांसाठी नव्हे, तर मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी दाखल होण्याबद्दल लिहिलंय. अंघोळ घालणं, कपडे घालणं, ही देखभालही त्यात वगळली आहे. मान्य. म्हणूनच मावशींचे पैसे मी दाव्यात धरलेच नाहीत. पण गिळायला, बोलायला, चालायला शिकवणं हा उपचार नाही, हे कुठल्या डॉक्टरांनी ठरवलं? शिवाय घरी आल्यावरची फिजिओथेरपी पॉलिसीत धरलेल्या डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांत बसत असूनही तिची बिलं त्याच शिक्क्याखाली परत आली.

३८ दिवसांनी त्यांना घरी आणलं, ते बरे झाले म्हणून नाही. गहाण ठेवायला सोनं उरलं नव्हतं. पहिले सहा महिने हातचे जाऊ देऊ नका, असं डॉक्टर बजावत होते.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्याआधी समीक्षा समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. ती मंजुरी कधी झाली आणि आमचं प्रकरण त्या कलमात कसं बसतं, हे लेखी कळवावं. रोजच्या थेरपीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्या वाचून दावा पुन्हा तपासावा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार करीन, आणि महिना उलटला की पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

फोन करायचा असल्यास दुपारी दोन ते चार करू नये. तेव्हा मी त्यांचे व्यायाम घेत असते. थेरपिस्ट आता परवडत नाही.

आपली,
पॉलिसीधारकाची पत्नी