सीटीच्या मात्रेची तुलना कशी करावी?

महोदय,

सीटी स्कॅन संपला की पडद्यावर रुग्णाला दिलेल्या किरणोत्साराच्या मात्रेचे पान उमटते आणि अनेकदा न वाचताच साठवणीत जाते. तुलनेचा कच्चा माल तोच. एकाच कारणासाठी झालेल्या, प्रौढांच्या किमान २०-३० तपासण्यांचे सीटीडीआय (मात्रेची तीव्रता) आणि डीएलपी (ती तीव्रता गुणिले स्कॅनची लांबी) घेऊन मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, काढावा आणि तो त्या तपासणीच्या संदर्भपातळीशी ताडावा. सरासरी नको, एखाददुसरा स्थूल रुग्णही ती फुगवतो. नुसते ‘पोटाचा सीटी’ लिहूनही भागत नाही. मूतखड्याचा आणि कर्करोगाचा स्कॅन एका रांगेत बसवले, तर आकड्याला अर्थच उरत नाही.

डीएलपी जास्त, पण सीटीडीआय ठीक? मग स्कॅनची लांबी आणि फेऱ्या (तोच भाग किती वेळा स्कॅन केला) बघा. छातीचा स्कॅन उगीच मूत्रपिंडापर्यंत ओढलेला सापडतो. दोन्ही जास्त असतील तर टेबलाची उंची तपासा. वरून टोपोग्राम (स्कॅनआधीचे आखणीचे चित्र) घेताना टेबल वर राहिले, की रुग्ण यंत्राला जाड भासतो आणि ते आपसूक एमए (क्ष-किरण नळीचा विद्युतप्रवाह) वाढवते.

संदर्भपातळी ही मर्यादा नव्हे, अनेक केंद्रांच्या मध्यकांचा तो ७५वा शतमक आहे, म्हणजे तीन-चतुर्थांश केंद्रांचे मध्यक त्याच्या खाली असतात. एका रुग्णाचा आकडा वर गेला म्हणून तंत्रज्ञाला धारेवर धरू नये. मध्यक फारच खाली असेल, तर मात्र प्रतिमा दाणेदार येत नाहीत ना, हे आधी पाहावे.

– क्ष-किरण विभागातील काही तंत्रज्ञ