एफपीजीए कार्ड घेताना आधी मेमरीची बँडविड्थ पाहा

महोदय,

वैज्ञानिक आकडेमोडीसाठी एफपीजीए (आतले सर्किट वापरणाऱ्याला हवे तसे जुळवता येणारी चिप) कार्डे घेताना ‘सेकंदाला किती गणिते’ हाच आकडा पुढे केला जातो. महाविद्यालये आणि संशोधन संस्थांनी निविदेत मेमरीच्या बँडविड्थची, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो याची, अट सर्वांत आधी घालावी, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे.

उष्णतावहनाचे त्रिमितीय गणित घ्या. जाळीतल्या प्रत्येक बिंदूचे नवे तापमान त्याच्या स्वतःच्या आणि सहा शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानांवरून निघते. सहा बेरजा, दोन गुणाकार. शेजाऱ्यांचे आकडे चिपमध्येच जपून ठेवले, तरी दर बिंदूमागे ४ बाइट वाचावे आणि ४ लिहावे लागतातच. डीडीआर४-२४०० मेमरीचा एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट देतो. त्यात २४० कोटी बिंदू होतात, ३०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर दर ठोक्याला ८. नववा बिंदू सोडवणारे सर्किट बसवले तर ते उपाशीच राहील.

यावर उपाय आहे. एका कालपायरीचे (गणितात वेळ एकदा पुढे सरकण्याचे) उत्तर मेमरीत परत न लिहिता थेट पुढच्या पायरीच्या सर्किटला द्यायचे. अशा २४ पायऱ्या साखळीत जोडल्या की मेमरीच्या एकाच फेरीत २४ पायऱ्यांचे काम उरकते. मात्र प्रत्येक पायरीला जाळीचे दोन थर चिपवर धरून ठेवावे लागतात. २५६×२५६ च्या थरांना ५१२ किलोबाइट लागतात. अल्व्हिओ यू२५० या एफपीजीए कार्डावर ते अल्ट्रारॅमच्या (चिपमधल्याच मेमरीच्या) १६ ब्लॉकमध्ये मावतात आणि असे १२८० ब्लॉक तिथे आहेत. थर १०२४×१०२४ झाला की गरज ८ मेगाबाइटवर जाते आणि साखळी पाच पायऱ्यांतच संपते. मग जाळीचे तुकडे पाडावे लागतात आणि हिशेब चुकतो तो इथे. कडेच्या बिंदूंचे शेजारी तुकड्याबाहेर असल्याने दर पायरीला प्रत्येक कडेचा एक बिंदू बाद होतो; २४ पायऱ्यांच्या फेरीत २५६ रुंदीच्या तुकड्याच्या प्रत्येक कडेचे २४ बिंदू जातात. कामाचे उरतात २०८×२०८, म्हणजे जवळपास एक तृतीयांश गणित वाया.

विरळ (बहुतेक आकडे शून्य असलेल्या) मॅट्रिक्सच्या गुणाकारात ही युक्तीही सहसा लागू पडत नाही. दर आकड्यामागे ८ बाइट किंमत, ४ बाइट त्याचा स्तंभ क्रमांक, आणि गणिते फक्त दोन. तिथे अल्व्हिओ यू२८० सारखे, एचबीएम२ या चिपलगतच्या वेगवान मेमरीतून सेकंदाला ४६० गिगाबाइट देऊ शकणारे कार्डच हवे. तेही लांब, सलग वाचन केले तरच. तुटक पत्त्यांवर तो आकडा झपाट्याने खाली येतो.

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत अँटेनांचे संकेत डिजिटल करून पॅकेट बनवण्याचे काम एफपीजीए करतात आणि पुढचा सहसंबंध (संकेतांचा एकमेकांशी असलेला मेळ) जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, काढतात. ही विभागणी आम्हाला फार योग्य वाटते. वाहत्या डेटावर येता येताच प्रक्रिया करावी, हेच या चिपचे बलस्थान.

म्हणून खरेदीपूर्वी आपल्या प्रोग्रॅमला दर गणितामागे किती बाइट लागतात ते मोजावे आणि पुरवठादाराकडून त्याच प्रोग्रॅमची, पूर्ण आकाराच्या जाळीवरची चाचणी मागावी. संगणक आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसवरून डेटा नेण्या-आणण्याचा वेळही त्यात धरावा.

– संगणन क्षेत्रातील काही अभ्यासक, पुणे