दाराकडे, भिंतीकडे

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, वॉर्डातली नाइट करून करून जीव विटला, मीपण तुझ्यासारखी घरोघरची नर्सिंगची कामं धरते." मी नुसतं हं-हं केलं, कारण शेजारी पेशंटचा मुलगा उभा होता. आता निवांत लिहिते. फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं.

पाठ दुखते म्हणून वॉर्ड सोडणार असशील तर सोडू नकोस. तिथे बेड वरखाली करायला कळ असते, पेशंट उचलू लागायला मावशी असते. इथे झोळ पडलेली खाट आणि आपण गुडघ्यांवर. खाटेच्या पायांखाली विटा लावा, एवढं सांगायला मला महिना लागला. दुसऱ्याच्या घरातली खाट आपण कशी हलवायची? वॉर्ड आपला असतो, पेशंट तिथे पाहुणा. घरी उलटं आहे. चप्पल बाहेर काढण्यापासून सुरुवात.

एकवीस वर्षं मी मागे हात केला की ट्रॉली असायची. गेल्या संकष्टीला एका घरी पायाचं ड्रेसिंग करायला गेले. आजोबांनी उपास धरलेला, पण सवयीनं सकाळचं इन्सुलिन मात्र घेतलेलं. कपाळावर घाम, हात थरथरतायत, बोलणं तुटक. ग्लुकोमीटरवर साखर ५२, फारच कमी. माझा हात आपोआप मागे गेला, डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या साखरेच्या बाटलीसाठी. लागला तो पिठाच्या डब्याला! आजोबा शुद्धीवर होते, नीट गिळत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. १५ मिनिटं घड्याळाकडे बघत बसले आणि पुन्हा बोट टोचून साखर पाहिली. ८४. मग भगर खाऊ घातली आणि डॉक्टरांना फोन लावला. उपास मोडला का, ही आजींची काळजी. साखर उपासाला चालते म्हटल्यावर त्या निवल्या. माझे मात्र घरी आल्यावर पाय कापले. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी-साखर काही घालायचं नाही, गाडी काढायची, हे सुनेला त्याच बैठकीत सांगून आले. पुढच्या वेळी मी तिथे नसणार ना.

ताई, खरं काम हेच आहे. आपण तासभर असतो, उरलेले तेवीस तास घरचे असतात.

बोरी नदीकाठच्या एका गावात लकवा झालेली म्हातारी होती. माकडहाडाशी रुपयाएवढी जखम, तिच्यात हळद आणि खोबरेल भरलेलं. मी सुनेवर चिडणारच होते. डिस्चार्जच्या वेळी काय सांगितलं होतं, असं विचारलं तर म्हणाली, "कूस बदला म्हने, पन कितीदा ते ध्यानात नाही." आणि मला माझंच तोंड दिसलं. दर दोन तासांनी कूस बदला, पाणी पाजा, गोळ्या वेळेवर द्या, आठ दिवसांनी दाखवायला आणा. हे सगळं मी एका दमात किती नातेवाइकांना सांगितलं असेल! करून एकदाही दाखवलं नव्हतं. वेळच कुठे असायचा म्हणा.

त्या सुनेला डावी-उजवीत घोळ व्हायचा. तिची डावी की म्हातारीची? मग आम्ही ठरवलं, दाराकडे आणि भिंतीकडे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दाराकडे वळवलं की लाल टिकली, भिंतीकडे वळवलं की हिरवी. पोटऱ्यांखाली घडी घातलेली गोधडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. चौथ्या दिवशी कॅलेंडर पाहिलं तर रात्री दहा ते पहाटे चार एकही टिकली नाही. बिचारी चारला उठून निंदायला जायची, ती रात्री कशी जागणार? मी तिला काही बोलले नाही. नवऱ्याला बोलावलं, कमरेखाली चादर धरून कसं वळवायचं ते त्याच्याकडून करून घेतलं आणि रात्रीच्या टिकल्या त्याच्या नावावर केल्या. जखम भरायला पावणेतीन महिने लागले.

आता व्यवहाराचं. बारा तासांची ड्यूटी धरू नकोस, व्हिजिट धर. बारा तास थांबलीस की दुपारपासून "सिस्टर, जरा पोळ्या लाटता का" सुरू होतं. एका घरी मी आठवडाभर भांडी घासली, नाही म्हणता आलं नाही म्हणून. आपलं काम कोणतं ते पहिल्या दिवशीच सांगायचं. डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय सुई नाही. अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं असेल तर पहिला डोस दवाखान्यातच, रिअ‍ॅक्शन आली तर घरी तू काय करशील? वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, घरच्या कचऱ्यात कधीच नाही. नवीन घरी जाताना पत्ता कुणाला तरी कळवून जा. आणि रोजचं लिहून ठेव. वॉर्डात ओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, घ्यायला पुढची सिस्टर असते, इथे वहीच.

पैसा? पेशंट बरा झाला की बंद, गेला की बंद. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पहिल्या चार महिन्यांत तुझ्या बाबांच्या पगारावर निभावलं, हे मी तेव्हा तुला सांगितलं नव्हतं. तुझा हप्ता चालू आहे, तेव्हा आधी सुट्टीच्या दिवशी दोन घरं करून बघ.

ऊन फार आहे. पारा ४५ला टेकला की मी सकाळच्या व्हिजिटा साडेसहालाच सुरू करते. वीज जाते, म्हणून दोन-तीन घरी इन्सुलिनसाठी मडक्यात मडकं आणि मधे ओली वाळू अशी सोय करून दिलीय.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ये. सांजोऱ्या करते. तुझ्या त्या जुन्या जीन्सची बॅग शिवलीय, बीपीच्या मशीनला वेगळा कप्पा आणि बाहेरून सुयांच्या डब्याचा खिसा. पट्टा तुझ्या उंचीचा करायचाय, तेवढं माप घ्यायचं राहिलंय.

तुझी,
आई